प्रयोगशाळेत विषाणू मरतो, मग माणसाचं पडसं का टळत नाही?

‘अमुक वनस्पतीच्या अर्कानं ९९ टक्के विषाणू नष्ट’ अशी बातमी दर काही महिन्यांनी फिरत असते. ती बहुतेक वेळा खोटी नसते. कुणीतरी खरोखर प्रयोग केलेला असतो आणि विषाणू खरोखर कमी झालेला असतो. तरीही त्या वनस्पतीच्या गोळ्या घेणाऱ्याचं सर्दी-पडसं किंवा फ्लू टळेल, असं त्या प्रयोगावरून म्हणता येत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, ते इथे उलगडायचं आहे.

औषधी वनस्पतींचा विषय निघाला की लोक लगेच दोन टोकांना जाऊन उभे राहतात. एका टोकाला सगळं कधीच सिद्ध झालेलं असतं, दुसऱ्या टोकाला सगळंच थोतांड असतं. मला या दोन्ही भूमिका त्या वनस्पतींवर अन्याय करणाऱ्या वाटतात. एखाद्या रेणूनं आजार टाळावा अशी आपली अपेक्षा असेल, तर कोणत्याही औषधाला विचारतो तेच प्रश्न त्याला विचारावे लागतात: शरीरात किती पोचतो, कुठे पोचतो, तिथे किती वेळ टिकतो आणि त्यानं आजारी पडणाऱ्यांची संख्या कमी होते का?

बशीतला प्रयोग

प्लास्टिकच्या बशीतल्या छोट्या खळग्यांमध्ये जिवंत पेशींचा एक थर वाढवतात आणि त्यावर विषाणू सोडतात. काही खळग्यांत वनस्पतीचा अर्क किंवा त्यातला शुद्ध रेणू घालतात, काहींत घालत नाहीत. दोन-तीन दिवसांनी कुठे किती पेशी मेल्या आणि किती नवे विषाणू तयार झाले, ते मोजतात. हजारो रेणूंतून पुढे तपासण्याजोगे चार-दोन निवडायचे असतील तर ही पद्धत फार उपयोगाची आहे. पण त्या खळग्यात आतडं नसतं, यकृत नसतं, रक्त नसतं, नाकातला चिकट स्राव नसतो. रेणू थेट पेशींच्या अंगावर ओतलेला असतो, तोही हवा तेवढा.

शिवाय पेशी कोणत्या घेतल्या यावरही निकाल पालटतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण क्लोरोक्विनचं. सिंकोना झाडाच्या सालीतल्या क्विनीनशी नातं सांगणारं, पण कारखान्यात बनणारं हे मलेरियाचं औषध. २०२० च्या सुरुवातीला ते करोना विषाणूला रोखतं असं दिसलं आणि जगभर त्याच्या मागे धावाधाव झाली. ज्या पेशींवर ते दिसलं त्या ‘व्हेरो’ पेशी होत्या, म्हणजे आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या. या पेशींत करोना विषाणू एका आम्लयुक्त पिशवीतून आत शिरतो. क्लोरोक्विन ती आम्लता घालवतं, म्हणून विषाणू अडकतो. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींवर मात्र एक विकर (एन्झाइम) असतं, जे विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत घेतं. त्याला त्या पिशवीची गरजच पडत नाही. फुप्फुसाच्या पेशींवर प्रयोग केले तेव्हा क्लोरोक्विननं विषाणू अडला नाही, आणि हे त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा जवळचा नातलग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, करोना रुग्णाच्या संपर्कात आलेल्या ८२१ लोकांवर आजार टाळण्यासाठी तपासला गेला. औषध घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्के आजारी पडले, न घेणाऱ्यांपैकी १४.३ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो इतका लहान होता. बशीतला निकाल खोटा नव्हता, तो दुसऱ्याच पेशीबद्दलचा होता.

वनस्पतींकडे असे रेणू असतातच का?

झाडाला पळता येत नाही. कीड, बुरशी, जिवाणू, चरणारी जनावरं या सगळ्यांना त्याला जागेवर उभं राहूनच तोंड द्यावं लागतं, म्हणून झाडं रसायनांच्या भाषेत लढतात. लसूण हे त्याचं छान उदाहरण आहे. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. पाकळी चिरडली, चावली की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं ॲलिइन आणि ॲलिइनेज हे विकर एकत्र येतात आणि त्या क्षणी ॲलिसिन तयार होतं. ज्यानं चावा घेतला त्याच्यासाठीच ते असतं.

आपल्या विषयात सतत भेटणारे रेणू ढोबळमानानं असे: हळदीतलं कुर्क्युमिन, हिरव्या चहातली कॅटेचिन्स, अनेक फळाभाज्यांतलं क्वेर्सेटिन, एल्डरबेरी या छोट्या गडद फळांतली जांभळी रंगद्रव्यं हे सगळे पॉलिफेनॉल कुळातले, ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन आणि कालमेघातलं अँड्रोग्राफोलाइड हे टर्पीन कुळातले, निलगिरी आणि पुदिन्यातली उडून जाणारी तेलंही त्याच मोठ्या कुळातली.

पॉलिफेनॉलचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांतले बरेच प्रथिनांना चिकटतात. चामडं कमावायला जी टॅनिन वापरतात तीही याच कुळातली, आणि तिथे त्यांचं काम कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधणं हेच असतं. विषाणूच्या बाहेरच्या कवचावर प्रथिनंच असतात, त्यामुळे बशीत पॉलिफेनॉल घातलं की ते विषाणूला चिकटणार आणि विषाणू दुबळा पडणार यात नवल नाही. पण हे चिकटणं निवडक नसतं. तोंडातल्या लाळेतली, अन्नातली, रक्तातली प्रथिनंही त्याच्या वाटेत येतात. औषध शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी अशा ‘कुठेही चिकटणाऱ्या’ रेणूंपासून सावध राहायला सांगितलं आहे, कारण ते जवळपास प्रत्येक प्राथमिक चाचणीत उत्तीर्ण होतात आणि पुढे जाऊन फार थोडे टिकतात. कुर्क्युमिन या यादीत वरच्या जागी आहे. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात त्यावर सविस्तर आढावा आला. तोपर्यंत कुर्क्युमिनवर शंभराहून अधिक चाचण्या झाल्या होत्या, तरी तुलनेसाठी खोटी गोळी वापरून काटेकोरपणे केलेल्या एकाही चाचणीत कोणत्याही आजारावर त्याचं यश सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

पोटातून नाकापर्यंतचा प्रवास

आता थोडं गणित करू, कारण सगळी गंमत मात्रेतच आहे.

हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. २००१ साली तैवानमधल्या एका चाचणीत लोकांना रोज ८ ग्रॅमपर्यंत कुर्क्युमिन दिलं गेलं. एवढं कुर्क्युमिन हळदीतूनच घ्यायचं म्हटलं तर रोज पाव किलोहून जास्त हळद लागेल. एवढ्या मात्रेनंतर रक्तात त्याचं सर्वोच्च प्रमाण सरासरी १.७७ मायक्रोमोलार (द्रवात रेणू किती आहेत हे मोजायचं एकक) आढळलं, आणि इतर कित्येक अभ्यासांत मोकळं कुर्क्युमिन रक्तात जेमतेमच सापडलं. बशीतल्या प्रयोगांत मात्र १० मायक्रोमोलार किंवा त्याहून अधिक प्रमाण सर्रास वापरतात. म्हणजे कुणीही रोज घेऊ शकणार नाही अशी मात्रा गिळूनही बशीतल्या पातळीच्या पाचव्या हिश्शापर्यंतच पोचता येतं, तेही रक्तात आणि थोड्या वेळापुरतं.

हे असं का होतं? आतड्याची भिंत आणि यकृत अशा रेणूंना परके समजतात, त्यांना साखरेच्या किंवा गंधकाच्या संयुगाची शेपटी जोडतात आणि शरीराबाहेर घालवतात. क्वेर्सेटिनचंही असंच होतं. रक्तात फिरतं ते बहुतांशी शेपटी लागलेलं रूप असतं, आणि बशीत तपासलेलं असतं ते मूळ रूप.

मिरीतलं पायपरिन ही झटापट थांबवतं हे खरं आहे. १९९८ च्या एका प्रयोगात त्याच्या जोडीनं माणसांच्या रक्तातलं कुर्क्युमिनचं प्रमाण २० पट वाढलं होतं. पण शून्याच्या जवळ असलेला आकडा २० पट केला तरी तो लहानच राहतो. आणि पायपरिन ज्या विकरांना गप्प करतं तीच विकरं इतर अनेक औषधांचा निचरा करत असतात, त्यामुळे ती औषधंही शरीरात साठू शकतात. हा मुद्दा जाहिरातींत कधीच नसतो.

पुढची अडचण जागेची आहे. श्वसनमार्गाचे विषाणू नाकाच्या आणि घशाच्या अस्तरावर उतरतात. फ्लूचा विषाणू तिथल्या पेशींवरच्या सियालिक आम्ल या साखरेसारख्या रेणूला धरून आत शिरतो आणि काही तासांतच त्याची पिल्लं बाहेर पडायला लागतात. प्रतिबंध करायचा तर रेणू विषाणूच्या आधी त्या अस्तरावर हजर असायला हवा, पुरेशा प्रमाणात आणि रोज, कारण विषाणू येण्याची वेळ कुणाला ठाऊक नसते. पोटातून रक्तात, रक्तातून अस्तरात आणि अस्तरातून वरच्या चिकट थरात पोचेपर्यंत बहुतेक वनस्पतिजन्य रेणूंचं नाव घेण्याजोगं काही शिल्लक राहत नाही.

बरं वाटणं आणि आजार टळणं

इथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून ती आधी दूर करतो. आजार टाळणं, आजार लवकर बरा होणं आणि आजारात बरं वाटणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. पुदिन्यातल्या मेंथॉलनं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हवेचा अडथळा मोजला तर तो तेवढाच असतो. मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं आणि मेंदूला हवा जास्त येतेय असं भासतं. चोंदलेल्या नाकानं रात्र काढणाऱ्याला एवढंही पुष्कळ असतं, आणि त्या आरामाला कमी लेखायचं कारण नाही. फक्त त्यावरून मेंथॉल विषाणूला रोखतं असा अर्थ काढता येत नाही.

‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारं’ हा शब्दप्रयोग तर मला सर्वांत जास्त खटकतो. प्रतिकारयंत्रणेत डझनावारी प्रकारच्या पेशी आणि शेकडो संदेशवाहक रेणू असतात. त्यातले काही आग लावतात, काही विझवतात. सर्दीतला ताप, अंगदुखी, वाहणारं नाक यातला मोठा भाग विषाणूचा नसतो, आपल्याच यंत्रणेच्या प्रतिसादाचा असतो. गंभीर फ्लू किंवा करोनात अनेकदा हाच प्रतिसाद हाताबाहेर जातो. तेव्हा अमुक अर्कानं बशीतल्या पांढऱ्या पेशी ‘उत्तेजित’ झाल्या असं वाचलं की विचारायचं: कोणत्या पेशी, कोणत्या दिशेनं, आणि त्यानं माणसं कमी आजारी पडली का?

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात

या भागात थोडं रेंगाळतो, कारण खरी माहिती इथेच आहे आणि ती सरसकट निराश करणारी नाही.

एकिनेशिया ही उत्तर अमेरिकेतली जांभळ्या फुलांची वनस्पती सर्दीसाठी सर्वांत जास्त तपासली गेली आहे. २००५ साली ४३७ स्वयंसेवकांवर एक धीट प्रयोग झाला. काहींना आधीपासून एकिनेशियाच्या मुळांचे अर्क दिले, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य दिलं, आणि मग त्यांच्या नाकात सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस मुद्दाम सोडला. संसर्गाच्या प्रमाणात आणि त्रासात दखल घ्यावा असा फरक पडला नाही. मात्रा कमी होती असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात २४ चाचण्या आणि ४,६३१ माणसं होती. प्रतिबंधाची एकेक चाचणी वेगळी पाहिली तर ठोस फायदा दिसत नव्हता. सगळ्या एकत्र केल्यावर सर्दीचा धोका १० ते २० टक्क्यांनी कमी होत असावा असा कल दिसला. म्हणजे एखाद्याला वर्षात तीनदा सर्दी होत असेल, तर दोन वर्षांत फार तर एखादी सर्दी कमी.

पण ‘एकिनेशिया’ म्हणजे नेमकं काय, हाच प्रश्न तिथे उभा राहतो. तिच्या तीन जाती औषधात वापरतात. कुणी मूळ घेतं, कुणी फुलांसकट वरचा भाग घेतं. कुणी अल्कोहोलमध्ये अर्क काढतं, कुणी ताजा रस दाबून काढतं. प्रत्येक वेळी बाटलीत वेगळे रेणू उतरतात. एका उत्पादनाचा निकाल दुसऱ्याला लावणं म्हणजे दोन वेगळ्या औषधांना एकच नाव देण्यासारखं आहे. वनस्पतिजन्य औषधांबद्दलच्या निम्म्या वादांचं मूळ इथेच असावं, असं मला वाटतं.

लसणीबद्दलचा आकडा पहिल्या नजरेत डोळे दिपवतो. १४६ माणसं, १२ आठवडे, ॲलिसिनची गोळी घेणाऱ्या गटात २४ सर्द्या, दुसऱ्या गटात ६५. पण कॉक्रेनच्या अभ्यासकांनी धुंडाळलं तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारी ही एकच चाचणी निघाली. सर्दी झाली की नाही हे लोकांनी स्वतःच नोंदवलेलं होतं. आणि लसणीचा वास लपवणं सोपं नसतं.

वास आणि चव हा क्षुल्लक मुद्दा नाही. १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ३११ कर्मचाऱ्यांवर क जीवनसत्त्वाची चाचणी झाली. बऱ्याच जणांनी कॅप्सूलमधल्या पुडीची चव घेऊन आपल्याला काय मिळतंय ते ओळखलं. ज्यांनी ओळखलं त्यांच्यात सर्दी कमी दिवस टिकल्यासारखी दिसली, ज्यांना कळलं नाही त्यांच्यात तो फायदा दिसेनासा झाला. सर्दी किती त्रासदायक होती हे माणूस स्वतः सांगतो, आणि आपण औषध घेतोय हे ठाऊक असलेला माणूस ती वेगळी सांगतो. कडू, उग्र, रंगीत वनस्पतींच्या चाचण्यांना हा दोष चटकन लागतो.

कॅनडात २००५ साली उत्तर अमेरिकी जिनसेंगच्या अर्काची चाचणी झाली. चार महिन्यांत माणशी सर्द्यांची सरासरी अर्क न घेणाऱ्यांत ०.९३ होती, घेणाऱ्यांत ०.६८, आणि दोन किंवा जास्त वेळा सर्दी होणारे न घेणाऱ्यांत २२.८ टक्के होते, घेणाऱ्यांत १० टक्के. हा निकाल दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एल्डरबेरीच्या बाबतीत ३१२ विमानप्रवाशांवरच्या चाचणीत सर्दी होणाऱ्यांच्या संख्येत ठोस फरक पडला नाही, पण झालेली सर्दी लवकर आटोपली. उलट २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, फ्लू झालेल्या रुग्णांवरच्या चाचणीत एल्डरबेरीचा काहीच फायदा दिसला नाही.

हिरव्या चहातल्या कॅटेचिन्सवर जपानमध्ये १९७ आरोग्य कर्मचाऱ्यांची चाचणी झाली. पाच महिन्यांत लक्षणांवरून फ्लू ठरवला तर कॅप्सूल घेणाऱ्यांत ४.१ टक्के, न घेणाऱ्यांत १३.१ टक्के. प्रयोगशाळेत खात्री केलेला फ्लू मोजला तर १ टक्का विरुद्ध ५.१ टक्के, म्हणजे बोटांवर मोजण्याइतके रुग्ण, आणि हा दुसरा फरक योगायोगाच्या मर्यादेत राहिला.

अशा लहान चाचण्यांचं काय करायचं, हे समजायला एक हिशोब पुरेसा आहे. समजा, एरवी शंभरातल्या दहा जणांना फ्लू होतो आणि एखाद्या अर्कानं ते आठवर येतात. हा फरक खात्रीनं पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे ३,२०० माणसं लागतात. दोनशे-तीनशे माणसांच्या चाचणीत असा माफक फायदा असला तरी दिसणार नाही. आणि दिसलाच, तर तो बहुधा खऱ्यापेक्षा फुगलेला असेल.

तीन रुग्णांची गोष्ट

कालमेघाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. अतिशय कडू अशी ही वनस्पती आशियातल्या अनेक देशांत तापावर आणि घशावर वापरली जाते. २०१७ च्या एका आढाव्यात तिच्या ३३ चाचण्या एकत्र केल्या होत्या. खोकला आणि घसादुखी कमी होत असल्याचा कल त्यात दिसला, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी होता. तरी या यादीतल्या पुष्कळ वनस्पतींपेक्षा तिची बाजू मला बरी वाटते.

करोनाच्या काळात थायलंडनं सौम्य आजारासाठी तिच्या वापराला परवानगी दिली. २०२१ मध्ये तिथल्या एका छोट्या चाचणीचा लेख, तज्ज्ञांनी तपासण्याआधीच, इंटरनेटवर आला. एकूण रुग्ण ५७. कालमेघ घेतलेल्या २९ जणांपैकी एकालाही न्यूमोनिया झाला नाही, न घेतलेल्या २८ पैकी तिघांना झाला. हा फरक योगायोगानं पडण्याची शक्यता लेखात ०.०३९ अशी दिली होती. ०.०५ च्या खाली असेल तर निकाल ‘लक्षणीय’ मानायची पद्धत आहे, त्यामुळे बातम्या झाल्या. नंतर लक्षात आलं की आकडेमोड चुकली आहे. खरा आकडा ०.१ च्या आसपास होता, आणि लेख मागे घेतला गेला. कागद-पेन्सिल घेऊन हे कुणालाही पडताळता येतं: ५७ जणांतून कोणतेही तीन जण न्यूमोनियासाठी निवडले, तर ते तिघेही त्या २८ मधलेच निघण्याची शक्यता सुमारे ११ टक्के येते.

यावरून कालमेघ निरुपयोगी ठरत नाही. तीन रुग्णांवर कोणताच निष्कर्ष उभा राहू शकत नाही, होकाराचाही नाही आणि नकाराचाही नाही. मला वाईट याचं वाटतं की एक आश्वासक वनस्पती मोठ्या आणि नीट चाचणीच्या लायकीची असताना तिची चर्चा एका चुकलेल्या बेरजेभोवती संपली.

वनस्पतीतून औषध होतं तेव्हा

वनस्पती आणि फ्लूचं औषध यांचं एक घट्ट नातं आहे, पण ते लोकांना वाटतं तसं नाही. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध अमेरिकेत १९९९ साली मंजूर झालं. फ्लूचे नवे विषाणू पेशीतून सुटताना एक विकर वापरून सियालिक आम्लाची पकड कापतात. ऑसेल्टामिविर नेमकं त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतं. फ्लूच्या रुग्णाच्या घरात राहणाऱ्यांनी ते घेतलं तर त्यांचा आजार टळू शकतो हे चाचण्यांत दिसलं आहे. हे औषध बनवायला सुरुवात होते शिकिमिक आम्लापासून, आणि त्याचा मोठा स्रोत होता चक्रीफूल. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या भीतीनं औषधाची मागणी वाढली आणि चक्रीफुलाचा तुटवडा झाला. पुढे हेच आम्ल जिवाणूंकडून, किण्वनानं बनवून घ्यायला लागले.

पण शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूवर चालत नाही. ते ऑसेल्टामिविरचा सांगाडा आहे, त्यावर रसायनाच्या अनेक पायऱ्या चढल्यावर औषध तयार होतं. त्यामुळे ‘चक्रीफुलाच्या काढ्यात फ्लूचं औषध असतं’ हे म्हणणं चूक आहे. शिवाय चक्रीफुलाचा एक जपानी भाऊबंद विषारी आहे आणि वाळलेली फळं दिसायला जवळजवळ सारखी असतात. चक्रीफुलाचा चहा दिलेल्या तान्ह्या मुलांना झटके आल्यामुळे २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला होता.

नैसर्गिक असूनही

प्रतिबंधासाठी घेतलेल्या गोष्टीचा हिशोब उपचाराहून कडक असतो. आजारी माणूस थोडा धोका पत्करू शकतो. निरोगी माणूस महिनोन्‌महिने एखादी गोष्ट घेणार असेल, तर तिचा दुर्मीळ त्रासही महत्त्वाचा ठरतो.

ज्येष्ठमध रोज, भरपूर आणि बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं, कारण ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक संरक्षक विकर बंद पाडतं. हृदयाचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना हे जिवावर बेतू शकतं. हिरव्या चहाचं पेय वेगळं आणि त्याच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. अशा पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त इजीसीजी हे कॅटेचिन गेलं तर यकृताची विकरं रक्तात वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये नोंदवलं. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं भारतातल्या १३ केंद्रांतल्या डॉक्टरांनी ४३ रुग्णांच्या नोंदींवरून मांडलं. आयुष मंत्रालयानं गुळवेलवरचा हा ठपका मान्य केला नाही. माझ्या मते ज्यांना आधीपासून यकृताचा किंवा थायरॉइडसारखा स्वप्रतिकाराचा आजार आहे, त्यांनी तरी वाद मिटण्याची वाट न पाहता ती टाळावी. कालमेघानं क्वचित तीव्र ॲलर्जी होते आणि काहींची चव जाते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेणाऱ्यांना करोनावरचं रिटोनाविर असलेलं औषध देता येत नाही, कारण ती ते औषध शरीरातून भराभर घालवते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी जिनसेंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये, थोड्याशा तेलानंही झटके येऊ शकतात.

नाकातच थांबवता आलं तर

पोटाचा रस्ता इतका खडतर असेल, तर रेणू थेट नाका-घशातच का ठेवू नये? मला या क्षेत्रातली सर्वांत रंजक दिशा हीच वाटते. लाल समुद्री शेवाळात आयोटा-कॅराजीनन नावाची लांबलचक शर्करा-साखळी असते. तिच्यावर ऋण प्रभार असतो. नाकात फवारली की ती विषाणूला बांधून ठेवते, पेशीपर्यंत जाऊ देत नाही. तिला रक्तात शोषलं जायची गरज नाही, यकृताशी सामना नाही. अर्जेंटिनात ३९४ आरोग्य कर्मचाऱ्यांनी २१ दिवस, दिवसातून चारदा हा किंवा तसाच पण औषध नसलेला फवारा वापरला. त्यातल्या खऱ्या फवाऱ्याच्या गटात १९६ पैकी २ जणांना करोना झाला, दुसऱ्या गटात १९८ पैकी १० जणांना. रुग्ण एकूण बाराच होते, म्हणून आकडा जपून वाचायचा, पण यामागची कल्पना शरीराच्या रचनेशी जुळणारी आहे.

गुळण्यांचंही असंच. जपानमध्ये ३८७ लोकांवरच्या चाचणीत साध्या पाण्याच्या गुळण्यांनी वरच्या श्वसनमार्गाचे संसर्ग कमी झाले, आयोडीनच्या गुळण्यांनी मात्र ठळक फायदा दिसला नाही. पुढे शाळकरी मुलांमध्ये हिरव्या चहाच्या गुळण्यांची तुलना पाण्याशी केली तेव्हा फ्लूचं प्रमाण ४.९ आणि ६.९ टक्के निघालं, आणि हा फरक योगायोगापलीकडे गेला नाही.

२०२४ मध्ये ब्रिटनमधली एक मोठी चाचणी ‘लॅन्सेट’च्या श्वसनविषयक नियतकालिकात आली. माणसं १३,७९९. संसर्गाची पहिली चाहूल लागताच किंवा आजारी माणसाच्या संपर्कात आल्यावर एका गटानं विषाणूला अडवणारा जेलचा फवारा नाकात मारायचा, एका गटानं मिठाच्या पाण्याचा, एका गटाला व्यायाम आणि ताण कमी करण्याबद्दल मार्गदर्शन, आणि एका गटानं नेहमीसारखंच राहायचं. सहा महिन्यांत नेहमीसारखं राहणाऱ्यांचे आजारपणाचे सरासरी ८.२ दिवस भरले, जेलवाल्यांचे ६.५ आणि मिठाच्या पाण्यावाल्यांचे ६.४. दोन्ही फवाऱ्यांच्या गटांत प्रतिजैविकांचा वापरही घटला. तेव्हा यापुढे एखाद्या वनस्पतीच्या फवाऱ्याची किंवा गुळण्यांची चाचणी करायची, तर ‘काहीच न करणाऱ्या’ गटाशी तुलना करून भागणार नाही. दुसऱ्या गटाच्या हातात मिठाच्या पाण्याचा फवारा द्यावा लागेल, आणि माणसं हजारांनी घ्यावी लागतील.